समुद्रशैवाल : जमा किती आणि ठेव किती?

अलीकडे मराठी दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्यांत आणि विज्ञानविषयक लेखसंग्रहांत एका नव्या नायकाचा प्रवेश झाला आहे. हा नायक म्हणजे समुद्रातील शेवाळ. ते हवेतील कर्बवायू शोषून घेते, अरण्यांपेक्षा झपाट्याने वाढते, त्यास जमीन लागत नाही, गोडे पाणी लागत नाही, खत लागत नाही. सबब तापत चाललेल्या पृथ्वीचा उद्धार त्याच्याच हातून होणार, असा ह्या लेखांचा एकंदर सूर असतो. अशा लेखनाचा एकदा परामर्श घ्यावा, असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. त्यातील शास्त्र तपासणे हे शास्त्रज्ञांचे काम खरे. परंतु त्यातील भाषा तपासणे हे टीकाकाराचे काम आहे, आणि आमच्या मते ह्या विषयात जो घोटाळा झाला आहे, तो मुख्यत: भाषेचाच आहे.

हा विचार आमच्या मनात पक्का झाला तो समुद्राकाठी नव्हे, तर घाटाच्या ह्या बाजूस, हुपरी येथे. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषत: पैंजणांसाठी, प्रसिद्ध आहे. तेथे एखाद्या कारागिराच्या घरात आठवड्याभरात किती चांदी आली, ह्यावरून त्याची श्रीमंती कोणी मोजीत नाही. व्यापाऱ्याने दिलेली चांदी वितळते, तिची तार होते, तारेचे दागिने होतात आणि तोलून ती व्यापाऱ्याकडे परत जाते. कारागिराच्या पदरी उरते ती मजुरी. घरात आलेली चांदी आणि घरात राहिलेली चांदी ह्यांतील भेद तेथील शाळकरी पोरासही कळतो. शिवाय जी राहिली, तिचाही टंच काढल्यावाचून किंमत ठरत नाही. जमा निराळी, ठेव निराळी आणि ठेवीचा टंच निराळा. समुद्रशैवालावरील आमच्या लेखकांनी एवढा हिशेब जरी पाळला असता, तरी हा लेख लिहिण्याची आम्हांस गरज पडली नसती.

प्रथम ह्या नायकाचे जे गुण आहेत, ते मान्य केले पाहिजेत. आपल्या वाङ्मयात शेवाळास आजवर मान मिळाला नाही. संस्कृत कवींनी त्याचा उल्लेख केला तो कमळाची शोभा खुलविण्यापुरता. कालिदासाच्या शाकुन्तलात शेवाळाने वेढलेले कमळ हे वल्कले नेसलेल्या शकुंतलेचे उपमान होऊन बसले, पण शेवाळाचे स्वत:चे असे काही कौतुक झाले नाही. मराठीत तर शेवाळ म्हटले की पाय घसरण्याचीच आठवण होते. ज्या वनस्पतीची आपण हेटाळणी केली, तिच्याकडे कोणी आदराने पाहू लागला, तर त्यात वाईट काही नाही. मात्र तळ्यातले शेवाळ आणि समुद्रातले शैवाल ह्या एक वस्तू नव्हेत, हे लेखकाने आरंभीच सांगावयास हवे. समुद्रशैवाल बहुधा खडकास चिकटून वाढते, त्यास खरी मुळे नसतात, आणि तांबडे, हिरवे व तपकिरी असे त्याचे तीन मोठे वर्ग आहेत. मालवण, रत्नागिरी येथील खडकाळ किनाऱ्यावर पावसाळा सरल्यानंतर ते ज्या जोमाने फोफावते, ते पाहिलेल्या कोणासही त्याच्या वाढीच्या वेगाविषयी शंका उरणार नाही.

हे शैवाल पाण्यात विरघळलेला कर्ब घेऊन सूर्यप्रकाशाच्या बळावर आपले अंग वाढविते, हेही निर्विवाद आहे. येथवर सर्व ठीक. परंतु येथेच आमच्या लेखकांचे आवडते क्रियापद येते: ‘शोषून घेते’. हे क्रियापद मोठे फसवे आहे. टीपकागदाने शाई शोषली म्हणजे ती कागदातच राहते. म्हणून वाचकाच्या मनात असे चित्र उभे राहते की, शैवालाने एकदा कर्ब शोषला म्हणजे तो कायमचा गेला. वस्तुत: घेणे ही अर्धीच क्रिया आहे. पान गळते, कुजते, कोणी ते खाते, आणि घेतलेला कर्ब श्वासावाटे किंवा कुजण्यावाटे परत जातो.

ह्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याचीही जरूर नाही. हुपरीच्या आसपास मैलोगणती उसाची शेते आहेत. ऊस हाही कर्ब घेण्यात कोणाच्या मागे नाही. तथापि वर्ष-दीड वर्षाने तो कारखान्यात जातो, चिपाडे बॉयलरमध्ये जळतात, साखर आपण खातो, आणि उसाने जे घेतले ते बहुतेक हवेत परत येते. उसाचा फड म्हणजे कर्बाची तिजोरी, असे म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही. पंचगंगेत दर वर्षी जलपर्णी माजते. तिच्या वाढीचा वेगही थक्क करणारा आहे. पण ती कुजू लागली म्हणजे पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि कर्ब पुन्हा मोकळा होतो, तोही काही अंशी मिथेन ह्या अधिक तापदायक रूपात. वेगाने वाढणे हा जर उद्धाराचा पुरावा असता, तर इचलकरंजीकरांनी जलपर्णीची पूजा मांडली असती.

मग ठेव कशास म्हणावयाचे? शास्त्रज्ञांचे उत्तर साधारणत: असे आहे: शैवालाचा तुटलेला अंश खोल समुद्रात, सुमारे १,००० मीटरांच्या खाली गेला, तर तेथील पाणी पृष्ठभागावर यावयास शतके लागत असल्यामुळे त्यातील कर्ब तेवढा काळ हवेपासून दूर राहतो, किंवा तो गाळात पुरला गेला, तर त्याहूनही अधिक काळ. आता आमच्या कोकणकिनाऱ्याचा विचार करा. किनाऱ्यासमोरील समुद्रतळ लागलीच खोल जात नाही. उथळ मंच दूरवर पसरलेला आहे, मुंबईसमोर तर तो शेकडो किलोमीटर रुंद आहे. खडकावरून सुटलेल्या पानास वाटेत गोगलगायी, मासे, खेकडे आणि असंख्य सूक्ष्म जंतू ह्यांच्या तोंडातून सुटून एवढा प्रवास करावयाचा आहे. काही अंश तो करीत असेलही. परंतु वाढलेल्या सर्व शैवालास ठेव म्हणणे म्हणजे पेठेतून फिरलेल्या सर्व चांदीस आपली मिळकत म्हणण्यासारखे आहे. याउलट कोकणच्या खाड्यांतील तिवरांच्या मुळांशी गाळ साचतो, त्या गाळात कर्ब दडपला जातो, आणि तो ज्या जागी आहे त्याच जागी खणून मोजता येतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. शैवालाच्या खडकाखाली अशी खणून पाहण्याजोगी तिजोरीच नाही. त्याची ठेव असलीच तर ती दूर, कोठेतरी अंधारात असते.

तिचा अंदाज करण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१६ साली क्राउजे-येन्सेन आणि दुआर्ते ह्या दोघा शास्त्रज्ञांनी असा अजमास काढला की, जगातील सर्व समुद्रशैवालांपासून वर्षास सुमारे १७ कोटी ३० लाख टन कर्ब दीर्घकाळासाठी ठेवीत जात असावा. हाच आकडा बहुतेक लोकप्रिय लेखांचा आधारस्तंभ आहे. परंतु त्या अजमासाची व्याप्ती सहा कोटींपासून सत्तावीस कोटींपर्यंत होती, हे सहसा कोणी लिहीत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका गणिताने २०० मीटरांखाली जाणारा कर्ब सुमारे ५ कोटी ६० लाख टन ठरविला. आणि २०२२ मध्ये तर काही अभ्यासकांनी असा आक्षेप घेतला की, शैवालाच्या वस्तीतील प्राणी बाहेरून वाहत आलेले अन्नही खातात. तो खर्च धरला तर कित्येक ठिकाणी जमेपेक्षा नावेच जास्त निघेल. ह्या वादाचा निकाल लागावयाचा आहे. पण ज्या खात्याच्या हिशेबनिसांत जमा की नावे ह्याविषयीच मतभेद आहे, त्याच्या भरवशावर मोठा व्यवहार करण्यास कोणता शहाणा सावकार तयार होईल?

ह्या आकड्यांशेजारी दुसरा आकडा ठेवणे हे लेखकाचे कर्तव्य होते. मनुष्यजात कोळसा, तेल, वायू व सिमेंट ह्यांपायी वर्षास सुमारे १,००० कोटी टन कर्ब हवेत सोडते. तेव्हा २०१६ चा उदार अजमास धरला, तरी शैवालाची ठेव ह्या खर्चाच्या पावणेदोन टक्क्यांइतकी भरते. २०२४ चे गणित धरले, तर अर्ध्या टक्क्याच्या थोडी वर. आणि ही ठेव नवी नव्हे. शैवाल हे काम युगानुयुगे करीत आले आहे. ते धरूनही पृथ्वी तापतच आहे. नवे शैवाल लावून काय साधेल, हा प्रश्न वेगळाच. जगात हल्ली वर्षास साडेतीन कोटी टनांच्या आसपास ओले शैवाल लागवडीपासून निघते. ओल्या शैवालात नऊ दशांशांच्या जवळपास पाणीच असते, आणि उरलेल्या कोरड्या भागात कर्ब असतो तीस टक्क्यांच्या आगेमागे. म्हणजे जगातील सगळे पीक, कोणाच्याही पोटात न घालता, समुद्राच्या तळाशी नेऊन टाकले, तरी कर्ब बुडेल तो दहा लाख टनांच्या घरात; वार्षिक खर्चाचा दहाहजारावा हिस्सा. त्रैराशिक शिकलेल्या कोणासही हे गणित पाटीवर मांडता येईल. ते मांडण्याचे कष्ट आमचे लेखक घेत नाहीत, हीच आमची तक्रार आहे. जाता जाता आणखी एक: कर्ब आणि कर्बवायू हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. एक टन कर्बापासून पावणेचार टनांच्या जवळपास कर्बवायू होतो. चांदीचा भाव सांगताना तोळा आणि किलो ह्यांची अदलाबदल करणाऱ्यास हुपरीच्या पेठेत कोणी उभे करणार नाही.

आता टंचाकडे वळू. शैवाल कर्ब घेते तो पाण्यातून, हवेतून नव्हे. पाण्यातील घट हवेतून भरून निघावयास कित्येक महिने लागतात. तत्पूर्वीच ते पाणी खाली गेले, तर समुद्राच्या वहीत नोंद झाली, पण हवेच्या वहीत काहीच बदल झाला नाही. दुसरे असे की, शैवालास खत लागत नाही म्हणतात, ह्याचा अर्थ आपण खत घालीत नाही, एवढाच. नायट्रेट, फॉस्फेट ते पाण्यातून घेतेच. आणि तेवढ्याने त्या पाण्यातील सूक्ष्म तरंगत्या वनस्पती उपाशी राहतात, ज्या स्वत: कर्ब घेण्याचेच काम करीत होत्या. तिसरे, शैवालाच्या अंगावर कवचधारी जीव वस्ती करितात, आणि त्यांचे चुनखडीचे कवच घडताना कर्बवायू सुटतो. अटलांटिक महासागरात २०११ पासून सारगॅसम जातीच्या तरंगत्या शैवालाचा प्रचंड पट्टा तयार होऊ लागला आहे. २०१८ मध्ये तो आठ हजार किलोमीटरांहून लांब होता. निसर्गानेच मांडलेल्या ह्या प्रयोगाचा उपयोग करून २०२१ साली काही शास्त्रज्ञांनी हिशेब केला, तेव्हा खत आणि कवचे ह्या दोन कारणांनीच अपेक्षित लाभ वीस टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असे दिसले. शंभर टक्के घट म्हणजे निव्वळ मुलामा.

प्रतिपक्षास न्याय द्यावयाचा, तर एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितलीच पाहिजे, आणि ती मोठी मनोरंजक आहे. तपकिरी शैवालाच्या अंगातून जो बुळबुळीत स्राव पाझरतो, त्यात फ्युकॉइडन नावाची एक गुंतागुंतीची शर्करा असते. ती पचविणे सूक्ष्म जंतूंना फार जड जाते. जर्मनीतील ब्रेमेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०२२ साली दाखविले की, हा स्राव पाण्यात दीर्घकाळ टिकून राहू शकतो, आणि ह्या वाटेने तपकिरी शैवाले वर्षास ५५ कोटी टनांपर्यंत कर्बवायू हवेपासून दूर ठेवीत असावीत. ज्या बुळबुळीतपणास आपण नाक मुरडतो, त्यातच कदाचित त्याचा खरा टंच असेल! परंतु ‘पर्यंत’ आणि ‘असावीत’ हे संशोधकांचे शब्द आमच्या पुरवण्यांत येईतो ‘इतका’ आणि ‘आहे’ असे होतात.

समुद्राला कामास लावण्याच्या उत्साहास आमच्या शेजारी, गोव्यात, एकदा प्रत्यक्ष कसोटी लागली होती. तिची आठवण मराठी लेखकांनी ठेवू नये, ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटते. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था ह्यांनी मिळून २००९ च्या आरंभी ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. नावातील पहिली दोन अक्षरे, ‘लोहा’, हा आपल्याकडचाच शब्द. वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक ह्यांच्या नेतृत्वाखाली ‘पोलारस्टेर्न’ हे जहाज दक्षिण महासागरात गेले, सुमारे ३०० चौरस किलोमीटरांच्या पट्ट्यात विरघळलेले लोह सोडण्यात आले, आणि ३९ दिवस पाहणी झाली. प्रश्न शैवालाचा नसून त्याच्या सूक्ष्म भाऊबंदांचा होता, पण हिशेब तोच. आरंभी वनस्पती वाढल्या, जमा झाली. मग बारीक कवचधारी जीवांनी त्या फस्त केल्या, आणि तळाकडे गेलेला कर्ब अल्प ठरला. ज्यांचे जड कवच त्यांस खाली नेते, त्या डायाटम वनस्पतींना लागणारे सिलिकेट त्या पाण्यात शिल्लकच नव्हते. ह्याच महासागरात २००४ साली झालेल्या दुसऱ्या प्रयोगात मात्र वाढलेल्या वनस्पतींचा निदान अर्धा भाग १,००० मीटरांखाली गेल्याचे आढळले होते. तोच महासागर, तेच लोह, आणि फळे दोन. समुद्र हे यंत्र नव्हे, आणि एका ठिकाणचा नियम दुसऱ्या ठिकाणी लावता येत नाही, हा धडा शास्त्रज्ञांनी प्रांजळपणे प्रसिद्ध केला. अशा अपयशाची गोष्ट सांगणे हे शंभर यशोगाथांपेक्षा वाचकाच्या अधिक हिताचे आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘एवढा कीस कशासाठी? लेखकाने थोडी अतिशयोक्ती केली तर कोणाचे काय बिघडले?’ बिघडते ते असे. कर्बाची ठेव ही आता विकाऊ वस्तू झाली आहे. कारखानदाराने धूर सोडावा, दुसऱ्या कोणी समुद्रात कर्ब बुडविल्याचा दाखला विकावा, आणि पहिल्याने तो विकत घेऊन आपले हात स्वच्छ झाल्याचे जाहीर करावे, असा हा बाजार आहे. ‘रनिंग टाइड’ ही अमेरिकन कंपनी प्रथम शैवालाचे नाव घेऊन पुढे आली. २०२३ साली तिने आइसलंडनजीकच्या समुद्रात हजारो टन लाकडाचे तुकडे सोडले. आणि जून २०२४ मध्ये तिने आपला कारभार आवरला. दाखला खोटा निघाला, तर धूर मात्र खराच राहतो. तेव्हा ‘शोषून घेते’ ह्या एका सैल क्रियापदावर पुढे केवढी इमारत उठते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

ह्याचा अर्थ समुद्रशैवाल निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात किनाऱ्यावरील बायका शैवालाच्या लागवडीवर संसार चालवितात. केंद्र सरकारने २०२० साली मत्स्यसंपदा योजनेत शैवालासाठी ६४० कोटी रुपयांची तजवीज केली. शैवालाचा अर्क पिकांवर फवारतात, हे आमच्या ऊसकऱ्यांस नवीन नाही. ॲस्परॅगॉप्सिस नावाचे तांबडे शैवाल गुरांच्या चाऱ्यात अल्प प्रमाणात मिसळले, तर त्यांच्या पोटातून निघणारा मिथेन पुष्कळ घटतो, असे परदेशी प्रयोगांत दिसले आहे. दुभत्या जनावरांच्या ह्या जिल्ह्यास त्याची चौकशी करण्यासारखी आहे. हे सर्व मजुरीचे उत्पन्न आहे, ठेवीचे नव्हे. आणि मजुरीत कमीपणा कसला? लागवडीतही विवेक हवा. मन्नारच्या आखातात परदेशातून आणलेले काप्पाफायकस शैवाल कुरुसडै बेटाच्या प्रवाळांवर पसरल्याचे २००८ मध्ये नोंदले गेले आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तेथील खडकांवर जे आपसूक वाढते, ते सांभाळणे हे नवे काही लावण्याआधीचे काम होय.

आमच्या नियतकालिकांच्या लेखकांकडे आमचे मागणे फार नाही. शैवालाविषयी लिहिताना त्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: घेतलेल्या कर्बापैकी राहिला किती? तो राहिला कोठे आणि किती वर्षे? आणि आपण काहीही केले नसते, तरी तो तसाच राहिला नसता काय? ह्या तीन उत्तरांवाचून लिहिलेला लेख हा निबंध नव्हे, जाहिरात होय.

आशेवर पाणी ओतल्याचा आरोप आमच्यावर होईल, हे आम्ही जाणून आहो. परंतु ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी ज्यांच्या माजघरात शिरले, त्या कोल्हापूर, शिरोळ, हातकणंगल्याच्या कुटुंबांना आशा हवी आहे ती भरवशाची. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. हा हिशेब आमच्या घाटमाथ्यास चुकणार नाही. अशा लोकांना ‘समुद्र पाहून घेईल’ असे सांगणे म्हणजे त्यांची फसवणूक करणे आहे. समुद्र आधीच आपल्या धुराचा सुमारे चौथा हिस्सा मुकाट्याने पोटात घेत आहे आणि त्यापायी आंबट होत चालला आहे. त्याच्याकडे आणखी ठेवावयास जाण्यापूर्वी आपण उधळपट्टी किती कमी केली, हे सांगावयास हवे. आणि त्या उत्तरासाठी समुद्राच्या तळाशी जाण्याची आवश्यकता नाही, ते आपल्याच चुलीशी, गाडीशी आणि कारखान्याशी मिळेल.